खरखरीत दगड

पाय सरकला. ती पडली नाही. पडण्याच्या कितीतरी अलीकडेच हात आपसूक नळावर गेला आणि तिनं स्वतःला सावरलं. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण पडणाऱ्या माणसांवरच तिचं पोट होतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, व्यायामाच्या लांबलचक हॉलमध्ये, ती वर्षानुवर्षं मोडलेल्या, शिवलेल्या, सांधे बदललेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत आली होती. पाऊल टेकताना टाच किती निसटली तर ते नुसतं सरकणं आणि किती निसटली तर ते पडणं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मागच्या खोलीच्या या नव्या बाथरूममध्ये पाय सरकणं शक्यच नव्हतं. सरकू नये एवढ्याचसाठी तर तिनं हा दगड निवडला होता.

"काय झालं ताई?" मिस्त्री कोपऱ्यात उकिडवा बसून सांध्यांतली धूळ ब्रशनं काढत होता, त्यानं मान वर केली. "पुसलंय मी मघाशी, थोडं ओलं राहिलं असेल. पण बघा ना कसा आलाय! तोंड दिसतंय तोंड." तोंड खरंच दिसत होतं. खालून बघितल्यावर माणसाचं दिसतं तसं, आधी हनुवटी, मग नाकपुड्या, मग वर कुठंतरी घाबरलेले डोळे. राखाडी दगड, त्यात पांढुरक्या शिरा. दगड तोच होता. दुकानात तिनं बोट ठेवलेला, वहीच्या पानाएवढा तुकडा पर्समधून हॉस्पिटलात नेऊन सगळ्यांना दाखवलेला, तोच. फक्त तो तुकडा हाताला मांजराच्या जिभेसारखा लागायचा आणि हा काचेसारखा गार, गुळगुळीत होता. इतके दिवस फरशीवर पुठ्ठे अंथरलेले. ती सकाळी निघायची तेव्हा मिस्त्री आलेला नसायचा, परतायची तेव्हा गेलेला असायचा. एकदा तिनं पुठ्ठ्याचा कोपरा उचलायला हात घातला तर नवरा म्हणाला, "राहू दे गं, सांधे ओले आहेत. शेवटी एकदम बघ की." वाढदिवसाची वस्तू लपवतात तसं काहीतरी याच्या मनात आहे, असं समजून ती वेडी हसली होती. आज दगडाला सीलर लावायचा म्हणून तिनं कोणाला न सांगता अर्धी रजा टाकली. तिलाही कोणाला तरी चकित करायचं होतं.

"मिस्त्री, हा पॉलिशचा आहे. मी खरखरीत सांगितला होता."

"हां, तो आधी ठरला होता. मग साहेबांनी बदलला ना. माल उचलायच्या आधीच." मिस्त्रीला बोलायला विषय लागत नसे आणि हा तर त्याच्या आवडीचा होता. "मी म्हटलं बरं केलंत साहेब. खरखरीत दगडात साबण बसतो, मळ बसतो, मग घासून घासून बायका शिव्या कोणाला घालतात? आम्हाला! हा बघा, फडकं मारलं की झालं."

"आणि भिंतीला धरायच्या दांड्या?"

"त्या राहू द्या म्हणाले. भोकं पाडताना फुटतो कधी कधी दगड, उगाच कशाला." मग त्यानं बादलीत बोट बुडवून पाण्याचा एक थेंब फरशीवर सोडला. थेंब जरा वेळ गोल राहिला, मग बसला, आणि त्याच्याखाली दगड काळपट झाला. "बघा, पितोय. म्हणून सीलर. एकदा तो आत गेला की डाग धरायचा नाही. पण तुम्हाला चमक उतरवायचीच असेल तर आत्ता सांगा. मशीन आणतो, घासून देतो. घरभर धूळ होईल ते मात्र मला बोलायचं नाही. सीलर लावल्यावर सांगाल तर सगळा खेळ पहिल्यापासून. मी जेवून येतो, तोवर ठरवा तुम्ही दोघं." गुडघ्यावर हात दाबून तो उठला. डाव्या गुडघ्यावर जास्त भार टाकतो हा, तिच्या मनात आलंच, मेली सवय. तो गेला आणि ती उंबऱ्यावर उभी राहून त्या काळपट डागाकडे बघत बसली.

दगडांच्या दुकानात तिनं काय तमाशा केला होता! दुकानदार एकामागून एक तुकडे काढून दाखवत होता, आणि ती म्हणाली, नुसता हात लावून काय कळणार, मोठी फरशी टाका खाली. टाकली. तिनं चपला काढल्या, पाण्याची बाटली फरशीवर ओतली आणि साडी जराशी वर धरून ती त्या फरशीवर चालली. आधी स्वतःसारखी, मग आईसारखी. आईचा उजवा पाय जरा ओढत येतो, टाचेऐवजी चवडा आधी टेकतो, वळताना ती कमरेतून न वळता अख्खीच्या अख्खी वळते. ते सगळं करून तिनं बघितलं. पॉलिशच्या फरशीवर चवडा सुटला. खरखरीत फरशीवर बसला. "हा," ती म्हणाली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. नवरा बाजूला तिच्या चपला हातात धरून उभा होता, त्यानंही बघितलं होतं. कुठला दगड कशासाठी, हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती. चपला हातात धरून बघितलं होतं त्यानं.

म्हणजे ज्याला या फरशीवर म्हातारं पाऊल पडायला हवंय, तो माणूस हा दगड बसवणारच नाही. हे तिला अगदी सरळ दिसलं. विसरला असेल, दुकानदारानं गळ्यात मारला असेल, यातलं काही टिकेना. विसरणारा माणूस दांड्या आठवणीनं रद्द करत नाही. त्याला आई नको होती. नको तर नको म्हणायचं! त्या दिवशी सगळे बसले होते, धाकटा भाऊ, भावजय, आई, हा, आईनं आता एकटीनं राहायचं नाही एवढं नक्की होतं आणि प्रश्न फक्त कोणाकडे हा होता, तेव्हा हाच म्हणाला होता, "आमच्याकडे मागची खोली आहे की." ती तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि ते वाक्य ऐकून तिला इतकं भरून आलं की अर्धा चहा ओट्यावर सांडला. या एका वाक्यासाठी या माणसाचं सगळं माफ, असं तिनं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. काय काय माफ केलं होतं कोण जाणे! आता ती एकेक परत आठवून बघायला लागली. तो आईबरोबर पत्ते खेळायचा, मुद्दाम हरायचा. ते खरं होतं का? आईचं ऑपरेशन झाल्यावर ती इथं राहिली तेव्हा तो सकाळी तिच्यासाठी पेपर वरच ठेवायचा, तिला वाकावं लागू नये म्हणून, ते? एक दगड बदलला आणि बाकीचं सगळं घर तिला परत तपासून घ्यायची पाळी आली. कुठल्या गोष्टी आपल्या निवडीच्या होत्या आणि कुठल्या पुठ्ठ्याखाली बदललेल्या, तिला सांगता येईना.

ते आईचे आठवडे तर तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. कोणाला सांगायची सोय नाही असं सुख. आईचं कमरेचं हाड मोडलं आणि लेक सुखी झाली, असं कसं सांगणार? पण आयुष्यभर धाकट्याची असलेली आई पहिल्यांदा तिच्या हातात आली होती. लहानपणी धाकटा तापानं फणफणायचा आणि आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी. ही आपली धट्टीकट्टी, हिला कधी काही झालं नाही, म्हणून हिच्या उशाशी कोणी बसलं नाही. आता आई तिचा खांदा धरून उभी राहायची. "टाच आधी, मग चवडा. घाई नाही. टाच." आई लहान मुलीसारखी खाली बघत म्हणायची, "टाच." कोपराखाली हात घालून चालवताना तिला आईचं सगळं वजन कळायचं, आणि ते वजन आपल्या हातात आहे याची तिला इतकी शाश्वती वाटायची की घरात दुसरं कोणी नसावंसं वाटे. डॉक्टरसुद्धा म्हणाले, इतक्या लवकर काठीवर? ती नुसती हसली. हे बाथरूम त्या आठवड्यांसाठी होतं. ते परत यावेत म्हणून.

तिनं नवऱ्याला फोन लावला. नेमका आजच त्याला ऑफिसात जायचं होतं. एरवी त्याचं काम घरूनच चालायचं.

"तू दगड का बदललास?"

उत्तराऐवजी त्यानं उलट प्रश्नच विचारला.

"तू घरी आहेस?"

"मी काय विचारतेय?"

"मी येतो. आल्यावर बोलू."

"तुला आई नकोय ना इथं? तसं सांगायचंस. तोंड होतं ना तुला? दुकानात माझ्या चपला धरून उभा राहिलास—"

"आईंना फोन कर," तो म्हणाला. आवाज इतका थकलेला होता की ती वाक्य विसरली. "तुला सांगू नका म्हणाल्यात मला. म्हणून मी... तू त्यांना फोन कर. मी निघतोय."

फोन हातात तसाच राहिला. आईनं याला काहीतरी सांगू नका म्हणून सांगितलं होतं. आईचं गुपित याच्याकडे होतं, तिच्याकडे नव्हतं. रोज संध्याकाळी ती आईला फोन करायची, दगड कुठला, कसा कापला, पाण्याचा उतार कुठल्या बाजूला दिला, सगळं सांगायची आणि आई म्हणायची, "हो का? बरं झालं." त्यातला एकही "बरं झालं" तिला आता जसाच्या तसा आठवेना. बाथरूम होईपर्यंत म्हणून आई धाकट्याकडे गेली होती. तात्पुरती. तिनं आईला फोन लावला. बऱ्याच वेळानं आईनं उचलला. मागं टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"जेवलीस का गं बेबी? आज दुपारचीच घरी?"

"आई, बाथरूममध्ये चकचकीत दगड बसवलाय."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "झालं का बाई पुरं एकदाचं?"

"तू पडशील त्याच्यावर. आत्ता मी सरकले."

"लागलं का तुला?"

"मला काही लागलं नाही! यानं मला न विचारता—"

"त्यांना बोलू नकोस," आई म्हणाली. "मीच सांगितलं जावयांना."

तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला. ऐकू तर स्वच्छ येत होतं.

"मी म्हटलं त्यांना, मी काही तिकडं यायची नाही. तर म्हणाले, तुम्हीच बोला तिच्याशी. म्हटलं बोलते. मग ते काही माझ्याच्यानं झालं नाही गं. तू रोज दगडाचं सांगायचीस. किती खूश असायचीस. मला धीरच होईना. मग मीच म्हटलं, निदान तो खरखरीत तरी लावू नका. मागाहून तुम्हां दोघांनाच वापरायचंय ते. आणि एकदा का तो माझ्या नावानं बसला, की मला नाही म्हणायला तोंड राहणार नाही. यावंच लागेल."

"यावंच लागेल," ती म्हणाली. वाक्य तोंडातून काढून बघितल्याशिवाय तिला त्याचा अर्थ लागत नव्हता. "धाकट्याकडे काय आहे असं? त्याला तुझ्या गोळ्यांची नावं तरी माहीत आहेत?"

"नाहीत की."

"त्याच्या त्या मोरीत पाय ठेवायला जागा नाही. शेवाळ असतं तिथं. मी बघितलंय."

"असतं. मी पाय जपून ठेवते." मग अगदी साध्या आवाजात, कुठला साबण आणला ते सांगावं तशी म्हणाली, "इथं मी आत जाते आणि आतून कडी लावते. पाणी घेत बसते. कोणी येत नाही, कोणी विचारत नाही. तासभर बसले तरी माझं कोणाला काही नाही. बरं वाटतं."

"आणि पडलीस तर?"

"पडेन."

आईच पुढं बोलली. "तुझ्याकडे दार नुसतं लोटून घ्यायचं. कडी लावायची नाही. तू बाहेर उभी. बरी आहेस ना? बरी आहेस ना? मी आपली हातात साबण धरून उत्तरं देतेय, बरी आहे, बरी आहे. एकदा कानात पाणी गेलं, ऐकू आलं नाही, तर तू सरळ आत आलीस. मी तशीच उभी. तुला आठवतही नसेल." तिला आठवत होतं. आई पडलेली नाही हे बघून तिला केवढं हायसं वाटलं होतं. आईच्या मांडीवरचा टाक्यांचा वण तिनं पहिल्यांदाच नीट उजेडात बघितला होता आणि छान भरलाय, असं म्हणालीसुद्धा होती. मोठ्यानं. आईनं तेव्हा काय केलं? टॉवेल घेतला होता का? आईचा चेहरा कसा होता? तो तिला आठवेना. वण आठवत होता, कुठून कुठपर्यंत.

"तू चांगलं करतेस गं," आई म्हणाली. "तुझ्यासारखं कोणी केलं नसतं माझं. पण मला नाही जमत." आणि मग, उगीचच, "जेवून घे हां."

फोन ठेवल्यावर ती मागच्या खोलीत आली. आईचा पलंग, त्यावरची आईला उठायला सोपी जावी म्हणून मुद्दाम आणलेली टणक गादी. कोणाकोणाला माहीत होतं? धाकट्याला असणारच. भावजयीला. परवा भावजय फोनवर म्हणाली, "ताई, बाथरूम कुठवर आलं?" आणि ती अर्धा तास सांगत बसली होती. त्या बाईनं ऐकून घेतलं सगळं, मधूनमधून "अय्या" म्हणत. सगळ्यांनी मिळून तिला खेळवलं होतं, आणि ते किती मायेनं! राग धरावा तर कोणावर? चिडून भांडणारं, वाईट वागलेलं कोणी समोर असतं तर बरं झालं असतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक तिला गाठायचे, म्हणायचे, पाय पहिल्यासारखा होणार नाही हे त्यांना सांगायचं का? आणि ती त्यांना बाजूला घेऊन, आवाज उतरवून सांगायची, आत्ताच नका सांगू. खूश आहेत ना व्यायामात? करू द्या. मागाहून बघू. किती शहाणपणानं सांगायची! यावेळी सगळे आवाज उतरवून बोलत होते ते तिच्याबद्दल. रोज दगडाचं सांगत होती, खूश होती, म्हणून तिला करू दिलं. तिला संताप आला, आणि त्या संतापातसुद्धा तिला कळत होतं की तो निम्मा लाजेचा आहे. फसवलं होतं तिला. तिच्याच आईनं, तिच्याच नवऱ्याच्या हातून. आणि फसवायला कारणही तिच्याच वागण्यातलं होतं, आणि ते खरं होतं.

ती बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. म्हणजे लोटलं. हात सवयीनं वर गेला, पण दाराच्या त्या जागी गुळगुळीत लाकूड होतं. सुतारानं कडी बसवायला घेतली तेव्हा तिनंच त्याला थांबवलं होतं. म्हणून ती दाराला पाठ लावून उभी राहिली. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि सबंध फरशी उजळून निघाली होती. सुंदर होती. हे कबूल करायला तिला जड गेलं, पण तो खरखरीत तुकडा कधी असा दिसला नसता. शिरा आतपर्यंत गेलेल्या दिसत होत्या. खाली तिचा चेहरा होता, वर तोंड करून तिच्याकडे बघणारा. तिला रडायचं होतं. इतक्या वर्षांत कुठल्याच खोलीत, कोणी ऐकणार नाही असं, ती रडली नव्हती. वेळच आली नव्हती असं ती समजत होती.

बाहेरचं दार वाजलं. नवऱ्याची पावलं आली, भरभर, स्वयंपाकघर, पुढची खोली, मग मागची. तिच्यामागं दारावर हलकी टकटक झाली.

"आत आहेस?"

तिनं दारावरून पाठ काढली नाही.

"फोन झाला का आईंशी? अगं... बरी आहेस ना?"

तिनं टाचा फरशीत रोवल्या आणि पाठ दारावर दाबली. टाचा रोवल्या जाईनात. घामानं ओलसर झालेले तळवे त्या दगडावरून पुढं पुढं जायला लागले. भार कुठं द्यायचा, गुडघे किती वाकवायचे, सगळं तिला माहीत होतं आणि त्यातल्या कशाचाही उपयोग होत नव्हता.

"बोल ना काहीतरी. बरी आहेस ना? मी आत येऊ का?" तो घाबरला होता. खराखुरा घाबरला होता, तिच्यासाठी. दारावर त्याचा हात पडला, जोर न देता, काळजीनं, आणि दार बोटभर उघडलं. फटीतून त्याच्यामागं मिस्त्रीचाही आवाज आला, जेवून आलेला, बेतानं विचारणारा, "ताईंचं काय ठरलं, साहेब? घासायचंय का सीलर लावू?"

"कोणी आत यायचं नाही," ती म्हणाली. दोन्ही हात मागं नेऊन तिनं दाराची कड धरली आणि सरकत्या पायांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून, दार परत मिटवलं. "दगडाचं मागून बघू. मिस्त्रींना म्हणावं, आधी या दाराला कडी आणा. आतून लावायची."